पोपटीचा नवा दांडा

रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोट लागली की गाडी काढायला फारसा वेळ मिळत नाही. मागे स्कूटर चालू होऊन उभ्या असतात, बाजूनं माणसं चालत निघालेली असतात. गेल्या पावसाळ्यात तिथंच बाबांचा डावा हात गिअरच्या दांड्यावर होता, अंगठा बटणावर, आणि बटण काही दबेना. संधिवातानं अंगठ्याचं बूड सुजलं होतं. शेवटी उजवा हात आडवा आणून, दोन्ही हातांनी बटण दाबून त्यांनी गाडी पीमधून (पार्क) डीमध्ये (ड्राइव्ह) आणली. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

आम्ही गोव्यातल्या चोडण बेटावरचे. पोपटी ही आमची 1998 ची, तीन गिअरची ऑटोमॅटिक गाडी. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. पणजीचा बाजार आणि पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय, एवढ्यासाठी त्यांना गाडी लागते, आणि हीच लागते. नवी घेऊया म्हटलं तर विषयच बदलतात. मग मी ठरवलं, गाडी तीच राहू दे, दांडा बदलू.

जुना दांडा सरळ रेषेत फिरतो आणि चुकून रिव्हर्स किंवा पार्क पडू नये म्हणून त्याला बटण असतं. दुसऱ्या प्रकारात बटण नसतं, खाचच नागमोडी असते. दांडा जरा आडवा सारल्याशिवाय पुढच्या घरात जातच नाही. जॅग्वारनं 1986 च्या एक्सजेमध्ये इंग्रजी जे अक्षराच्या आकाराची खाच दिली होती, तीही याच कुळातली. अंगठ्याचं काम तळहातावर येतं. मला नेमकं तेच हवं होतं.

कोल्हापूरच्या एका भंगारवाल्याकडून नागमोडी खाचेचा दांडा मिळाला. घरं तीच सहा हवीत यावर मी अडून बसले होते: पी (पार्क), आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह), टू (दुसरा गिअर), एल (लो). आधी दाखवलेल्या एका दांड्यात थ्री हे जादा घर होतं, तो परत केला. आमच्या गिअरबॉक्सला जे घर ठाऊकच नाही, ते दांड्यावर असून काय करायचं?

खरं काम पुढेच होतं. दांडा स्वतः गिअर टाकत नाही, तो फक्त केबल ओढतो. गिअरबॉक्समधले टप्पे ठरलेले असतात आणि केबलनं बरोबर तेवढंच सरकायला हवं. आमचे मेकॅनिक डिचोलीचे. म्हणाले, "जातलें, बाय. पूण केबल किती ओढटा तें पयलीं पळोवया." जुन्या दांड्यानं पीपासून एलपर्यंत केबल 58 मिलिमीटर सरकत होती, नव्यानं 52. फरक सहाच मिलिमीटरचा, पण दांडा पीच्या घरात बसलेला दिसतो आणि गिअरबॉक्सच्या आत पार्किंगचा खटका दातेरी चाकात पुरता अडकलेला नसतो. अशी गाडी उतारावर सोडून माणूस निघून जातो. मला त्या रात्री झोप आली नाही.

उपाय साधा निघाला. दांड्याच्या खालच्या हातावर, दांडा ज्याभोवती फिरतो त्या कण्यापासून केबलच्या भोकापर्यंतचं अंतर 56 मिलिमीटर होतं, ते साडेबासष्ट करायचं. लेथवाल्यानं पाच मिलिमीटर जाड पट्टी वेल्ड करून नवीन भोक पाडलं. मग गिअरबॉक्सला त्याच्या बाजूनं हातानं पीपर्यंत नेऊन दोन टप्पे मागे आणलं, म्हणजे एन. दांडाही एनमध्ये धरला आणि त्या जागी केबलचा नट आवळला. गोव्याच्या खाऱ्या हवेत जुन्या केबलचं आवरण फुगलं होतं, म्हणून केबलही नवीच घातली. ब्रेक दाबल्याशिवाय पी सुटू नये असं विजेवरचं कुलूप नव्या दांड्यात होतं. त्याची तार ब्रेकलाइटच्या स्विचवरून घेतली. बटण गेल्यावर हे कुलूप हवंच. विमा कंपनीला आधीच लेखी कळवलं. नोंदणीचं नूतनीकरण 2028 मध्ये आहे, तेव्हाच्या तपासणीसाठी त्या पत्राची प्रत गाडीच्या कागदांत ठेवली आहे.

चाचणी पणजीतल्या आल्तिनोच्या चढावर घेतली. मागच्या चाकांमागे चिरे ठेवले, दांडा पीमध्ये, हँडब्रेक सोडला आणि ब्रेकवरचा पाय हळूहळू उचलला. गाडी बोटभर मागे सरकली, आत टक् असा आवाज झाला आणि ती थांबली. चिऱ्यांना चाक लागलंही नाही. मग सहाही घरांत चावी फिरवून पाहिली. इंजिन पी आणि एनमध्येच चालू झालं. रिव्हर्सचा दिवा फक्त आरमध्ये लागला.

परवा पुन्हा रायबंदरला फेरीबोट लागली. बाबांनी ब्रेक दाबला, तळहातानं दांडा बाजूला सारून खाली आणला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या बाजूचा आरसा जरा बाहेर कर."