बाईंनी मोजायला लावलेली बेटे

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागणारे पत्र आले आणि भूगोलाच्या बाईंखेरीज दुसरे कोणी डोळ्यांपुढे येईना. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. आमच्या तुकडीतले काहीजण आज नकाशांच्याच कामात आहोत. त्या कामाची मुळाक्षरे बाईंनी गिरवून घेतली.

‘जगातील मोठी बेटे’ हा मजकूर पुस्तकात जेमतेम चार ओळींचा. बाईंनी तो पाठ करू दिला नाही. नकाशाखोलीतल्या भिंतीवरच्या जुन्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसे. खरे तर ग्रीनलंड २१.६६ लाख चौरस किलोमीटर आणि आफ्रिका त्याच्या चौदापट. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ मध्ये या पद्धतीचा नकाशा खलाशांसाठी काढला. होकायंत्राची दिशा सरळ रेषेत मिळावी, एवढ्यासाठी ध्रुवांकडचा भाग ताणला. ६० अक्षांशावर, म्हणजे ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी, लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट होते. ७२ अंशांवर क्षेत्रफळ साडेदहापट. बोर्निओवरून विषुववृत्त जाते, म्हणून ते जवळपास फुगतच नाही आणि बिचारे लहान दिसते.

मग मोजणी. समक्षेत्र प्रक्षेपणाचा, म्हणजे क्षेत्रफळाचे प्रमाण खरे राखणारा नकाशा घ्यायचा, प्रमाण १ सेंमीला २०० किमी. ट्रेसिंग पेपरवर टोकदार पेन्सिलीने किनारा उतरवायचा, तो कागद आलेख कागदावर टाचायचा आणि चौकोन मोजायचे. अर्ध्याहून जास्त भरलेला चौकोन एक धरायचा, कमी भरलेला सोडायचा. एक चौरस सेंमी म्हणजे ४०,००० चौरस किमी. ग्रीनलंडचे ५४ चौकोन भरतात, मादागास्करचे पंधराच्या आत. खरी अडचण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाला येते: न्यू गिनी ७.८६ लाख, बोर्निओ ७.४३ लाख. फरक एका चौकोनाचा! पेन्सिल बोथट असली तरी क्रम उलटतो. तिथे बाई मिलिमीटरचे चौकोन मोजायला लावत. असा एक चौकोन ४०० चौरस किमीचा.

दुसरी चूक पेन्सिलीची नव्हे, समजुतीची. बेटाऐवजी देशाचा आकडा लिहिला जातो. ग्रेट ब्रिटन हे बेट २.०९ लाखांचे, नववे. त्याऐवजी युनायटेड किंगडमचे २.४४ लाख लिहिले, तर त्यात उत्तर आयर्लंड शिरते आणि ते होन्शू (२.२८ लाख) व कॅनडातले व्हिक्टोरिया (२.१७ लाख) यांच्या पुढे जाऊन बसते. बोर्निओच्या बाबतीत उलटे: एका बेटावर इंडोनेशिया, मलेशिया आणि ब्रुनेई असे तीन देश, म्हणून ते कुठल्याच देशाच्या आकड्यात सापडत नाही. ग्रीनलंडचा आकडाही जपूनच घ्यायचा. २१.६६ लाखांत काठची लहान बेटे धरलेली आहेत. नुसते मुख्य बेट २१.३ लाखांच्या आसपास. यादी करताना काय धरले ते शेजारी लिहायचे, ही बाईंची शिस्त. आजही आमच्या कामात तीच चालते.

सगळ्यांत लक्षात राहिला तो त्यांचा एक प्रश्न: समुद्र १२० मीटर खाली गेला तर यादीत कोण उरेल? हिमयुगात तो तेवढा गेला होता. न्यू गिनी ऑस्ट्रेलियाला जोडली जाते, बोर्निओ आणि सुमात्रा आशियाला, ब्रिटन युरोपला. मादागास्कर मात्र बेटच राहते, कारण मोझांबिकची सामुद्रधुनी फार खोल आहे. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी ते आपल्या भारतापासूनच सुटले, हे सांगताना बाईंचा आवाज चढत असे.

नकाशाखोली आता राहिली नाही, तिथे संगणक आले आहेत. याचे फार वाईट वाटते. मोबाइलवरचे बहुतेक नकाशे अजून मर्केटरच्याच जातीचे, म्हणजे ग्रीनलंड पुन्हा फुगलेलेच. शाळेने एक मोठा समक्षेत्र नकाशा, ३० सेंमी व्यासाचे दोन-तीन पृथ्वीगोल आणि आलेख कागदांचे गठ्ठे एवढे तरी वर्गात ठेवावे. खर्च आमची तुकडी करील.