"रस्ता सोड!"

मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून सायकलवरून घरी येताना, मेलबर्नच्या ब्रन्सविक भागातल्या सिडनी रोडवर एका पिकअपने मला इतक्या जवळून ओलांडलं की त्याचा आरसा माझ्या कोपराला घासतो की काय असं वाटलं. "रस्ता सोड!" असं ड्रायव्हर ओरडला. पुढची शिवी लिहीत नाही. पुढच्याच सिग्नलला तो थांबलेला, मी त्याच्या शेजारी. हातापायांत नुसती थरथर.

मी डावी कड धरून चालले होते. डोक्यावर हेल्मेट, ते इथे व्हिक्टोरिया राज्यात १९९० पासून सक्तीचं आहे. मागे लाल दिवा. सायकलला ओलांडताना गाडीने किमान एक मीटर अंतर ठेवायचं, वेगमर्यादा ६० च्या वर असेल तिथे दीड मीटर, असा कायदा इथे एप्रिल २०२१ पासून आहे. कागदावर सगळं माझ्याच बाजूचं.

ऑफिसात सांगितलं तर एक जण म्हणाला, "पण सायकलवाले रेगो कुठे भरतात?" रेगो म्हणजे गाडीच्या नोंदणीचे वार्षिक पैसे. सहा वर्षं हे एकच वाक्य ऐकतेय आणि दर वेळी तितकीच चिडते. अहो, माझ्या दारात गाडी आहे, तिचा रेगो मी भरते! गल्लीबोळातले रस्ते कौन्सिल घरपट्टीतून सांभाळतं, तीही भरते. सायकलवर बसले की माझे पैसे खोटे होतात का? आणि समजा नसते भरले, तर मला चिरडायचं का?

२०१९ मध्ये इथल्या मोनॅश विद्यापीठातल्या आणि इतर संशोधकांचा एक अभ्यास आला होता. ४४२ लोकांना झुरळापासून, नाहीतर वानरापासून माणसापर्यंतची चित्रं दाखवून विचारलं, सायकलवाला यात कुठे बसतो? सायकल न चालवणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी त्याला पूर्ण माणूस धरलं नाही. आपण मुद्दाम सायकलच्या जवळून गाडी नेली आहे, असं ११ टक्के लोकांनी स्वतः कबूल केलं. हे वाचलं तेव्हा अतिशयोक्ती वाटली होती. मंगळवारी ती वाटेना.

आपल्या पुण्यात सायकलवाल्याला कोणी मान देतं असं नाही. बस अंगावर येते, रिक्षा कट मारते, सायकल ट्रॅकवर दुचाक्या घुसतात. मीही घातलीय माझी गाडी, पण टिळक रोड तुंबलेला असताना दुसरं करणार काय? तरी त्यात द्वेष नसतो हो. प्रत्येकाला पुढे जायचं असतं, एवढंच. सायकल परवडते म्हणून चालवणाऱ्याकडे तिथे दुर्लक्ष होतं, हे खरं. इथे दुर्लक्ष झालं असतं तर मी आनंदाने घरी गेले असते.

बाबा तीस वर्षं खडकीच्या फॅक्टरीत सायकलवरून गेले. रात्री फोनवर त्यांना सहज विचारलं, तुमच्यावर कधी कोणी ओरडलं का?

"ओरडणार कोण? भोंगा झाला की रस्ताभर आम्हीच असायचो."

का विचारतेस, असं त्यांनी विचारलं. काही नाही म्हटलं. काल वाट बदलली. आता अपफील्डच्या रेल्वेलाइनलगतच्या सायकल मार्गाने जाते. दहा मिनिटं जास्त लागतात. आणि खरं सांगते, सिडनी रोड सोडावा लागला याचा राग अजून गेलेला नाही.