तुह्यं काय व माय?

गुरुवार, रात्री

झोप येत नाही आणि कारण सांगितलं तर कुणीही हसेल. काकूंनी एक प्रश्न विचारला. बस, एवढंच. टोमणा नव्हता तो. काकू टोमणे मारणाऱ्यातल्या नाहीतच, त्यांना बोलायचं असतं ते तोंडावर बोलतात आणि मग चहा मागतात. पण मेळावा झाल्यापासून तो प्रश्न सोबतच आहे. भाकरी थापताना आहे, बचत गटाच्या रजिस्टरात सह्या घेताना आहे, आणि आता दादा पाणी ओलायला वावरात गेल्यावर घरात जी शांतता झाली आहे, तिच्यात तर फारच आहे.

हळदीकुंकवाचा मेळावा होता. माईक माझ्याकडे. माईक माझ्याकडेच असतो, दुसऱ्या कुणी धरला की तो कुईं करतो असं अध्यक्षबाईंचं ठाम मत आहे. त्याचा स्पंज कधीचाच गेला, मी रुमाल गुंडाळून वरून केसांचं रबर लावते. वाण वाटायच्या आधी दोन-तीन जणींच्या मुलाखती घ्यायच्या ठरलं होतं. यशोगाथा म्हणून. वरून साहेब येणार होते, ते आले नाहीत, पण मुलाखती ठरल्या होत्या म्हणून झाल्या.

काकूंचा नंबर दुसरा. मी विचारलं, सुरुवातीचे दिवस कसे होते? म्हणे, होते तसेच. मी विचारलं, त्रास झाला असेल ना? म्हणे, कोनाले नाही होत? मंडपात हशा. मी आवाज थोडा खाली आणला (तो मला चांगला येतो, खाली आणता), आणि म्हटलं, काकू, त्या दिवसांत रात्री एकटं असताना मनात काय यायचं?

काकू गप्प. त्यांची बोटं मांडीवर होती. पऱ्हाटीत कापसाची वेचणी अजून सुरूच आहे, फरदडीची, म्हणजे हंगाम सरल्यावर राखलेल्या पिकाची. नखांच्या कडा चिरलेल्या, पेरांवर बोंडांच्या टोकांनी ओढलेल्या बारीक काळ्या रेघा. त्या बोटांनी त्यांनी माझं मनगट धरलं, माईक आपल्याकडे ओढला आणि सगळ्या मंडपात ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तू सबनले इचारते. तुह्यं कोनं इचारलं काय व माय?"

मागच्या बाया हसल्या. पुढच्या नाही हसल्या. पुढच्या दोन ओळी आपल्याच गावच्या होत्या.

आणि मी काय केलं? मी म्हटलं, "चला, आता आपण उखाण्यांकडे वळूया!" उखाण्यांकडे! मंडपात एवढे विषय पडले होते, शेळ्या होत्या, दालमिल होती, बँकेचं कर्ज होतं. मला वळायला उखाणेच सापडले.

---

ओप्रा आठवायचं कारण तेच. यवतमाळच्या ट्रेनिंगमध्ये सरांनी पडद्यावर दाखवली होती तिला. ओप्रा विन्फ्रे, अमेरिकेत टीव्हीवर लोकांच्या मुलाखती घेणारी. सरांची गोष्ट सरळ चढत जायची. 1954 चा जन्म, अमेरिकेतलं मिसिसिपी राज्य, कॉझिअस्को नावाचं लहानसं गाव, आजीजवळ शेतावर वाढली, बटाट्याच्या पोत्याचे कपडे घालायची. तिथून एकदम 2003, फोर्ब्सच्या यादीतली पहिली कृष्णवर्णीय अब्जाधीश बाई. मधे शिकागो. आणि मग तो मोटारींचा व्हिडिओ, 2004 चा, मंडपभर, म्हणजे स्टुडिओभर बाया किंचाळत आहेत आणि ही म्हणते आहे की तुलाही मोटार, तुलाही मोटार. 276 मोटारी. आमच्या हॉलमधल्या बायांनी टाळ्या वाजवल्या, जणू एखादी आपल्यालाही मिळाली. सर म्हणाले, बोलायला शिका, बोलणं हेच भांडवल आहे. मी वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

नंतर मोबाईलवर मी तिचं सगळं वाचत गेले. मला सवय आहे, एखादी गोष्ट धरली की तिच्या मुळापर्यंत जायची. त्या मोटारींवर टॅक्स होता म्हणे, बायांना तो स्वतः भरावा लागला, काहींना सात हजार डॉलरपर्यंत. हे सरांनी सांगितलं नाही. आपल्याकडे असं झालं असतं तर लाभार्थी हिस्सा म्हटलं असतं आणि पावती दिली असती.

आणखी एक वाचलं, ते मी दादाला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. 1996 मध्ये मॅड काऊ या गाईंच्या रोगावर कार्यक्रम चालू असताना ही बोलून गेली की आता मी काही बर्गर खात नाही. जनावरांचे भाव पडले. टेक्सासच्या गोठेवाल्यांनी कोर्टात खेचलं, 1998 मध्ये अमारिलो गावात खटला चालला, हिने आपला कार्यक्रमच तिकडे नेला आणि खटला जिंकून परत आली. दादा म्हणाला, तिकडे भाव पडायले कोनाले तरी बोलावं लागते, इकडे न बोलताच पडते. मग कापसाच्या भावावर गेला तो, अर्धा तास.

आजीचं शेत मात्र डोळ्यांपुढे येतं माझ्या. विहिरीचं पाणी आणायचं, डुकरांना घालायचं. आजी उकळत्या हंड्यात कपडे धुवायची आणि नातीला म्हणायची, नीट बघ, तुलाही हेच करायचं आहे. आणि नात मनात म्हणायची, मी नाही करणार. हे वाचून मी मोबाईल बाजूला ठेवला होता. मीपण म्हटलं होतं मनात, चुलीजवळ. त्याचं काय झालं ते... असो.

---

लिहायला बसले ते याच्यासाठी नाही.

सरांच्या गोष्टीत जे नव्हतं, तेच मला सोमवारपासून दिसतं आहे. आजीकडून आईकडे, मिलवॉकीला. आई लोकांच्या घरी कामं करायची. नवव्या वर्षापासून पोरीवर अत्याचार, घरातल्या, ओळखीच्या माणसांकडून. चौदाव्या वर्षी दिवस गेले, बाळ लवकर झालं आणि गेलं. मग बापाकडे नॅशव्हिलला. तो न्हावी होता, शिस्तीचा, पुस्तकं वाचायला लावायचा आणि काय वाचलं ते लिहून मागायचा. तिथून रेडिओ, टीव्ही, बाल्टिमोर. बाल्टिमोरला संध्याकाळच्या बातम्यांवरून काढली तिला, काही महिन्यांत. मग सकाळच्या गप्पांच्या कार्यक्रमात टाकली, आणि तिथे ती रुळली. 1984 मध्ये शिकागो, 1986 पासून देशभर.

आणि त्याच 1986 मध्ये, अत्याचार सोसलेल्या बायांशी बोलता बोलता, कॅमेरा चालू असताना, तिने स्वतःचंही सांगून टाकलं.

मी हे वाक्य आज कितीदा वाचलं. कसं सांगितलं असेल? समोर बाया बसलेल्या, हातात माईक. माझ्यासारखाच. तिला उखाणे नव्हते म्हणा वळायला. अन् असते तरी नाव कुणाचं घेणार होती, 1992 मध्ये साखरपुडा झाला, लग्न अजून नाही, आणि दोघं सोबतच आहेत. आमच्या गावात साखरपुडा होऊन वर्षभर लग्न लांबलं तर पोरीकडच्यांना पाण्याच्या टाकीपर्यंत जाणं मुश्कील होतं.

पण बाळाचं तेव्हाही नाही सांगितलं तिने. तेवढं ठेवलं. मग 1990 मध्ये बहिणीनेच, आईकडच्या बहिणीने, ते पैसे घेऊन एका साप्ताहिकाला विकलं. ओप्रा अंथरुणाला खिळली, रडत राहिली, आता रस्त्यात लोक बोटं दाखवतील म्हणून. देशातला सगळ्यात मोठा कार्यक्रम तिचा, दोन वर्षांपूर्वी तो तिने स्वतःच्या मालकीचा करून घेतलेला, पैशाला तोटा नाही. आणि भीती कसली, तर बोट दाखवतील. बाहेर पडली तर कुणीच काही म्हणालं नाही.

हे वाचून बरं वाटायला पाहिजे होतं. आधी तर राग आला. तुझं काय, तुला शिकागो होतं. बोट दाखवलं तर दुसरीकडे बघायला जागा होती. इथे पुढच्या दोन ओळी आपल्याच गावच्या, आणि त्यातल्या एकीची सासू आर्णीची, माझ्या सासरच्या गावची. मला कुणी विचारलं नाही म्हणून मी रडते आहे का, की विचारलं म्हणून? खरं सांगायचं तर दोन्ही. इतकी वर्षं कुणीच कसं विचारलं नाही, आणि विचारायचंच होतं तर माईकवर काहून विचारलं.

आई नाही विचारत. आईने त्या दिवशी फक्त पोरीला उतरवून घेतलं, पिशवी आत नेली आणि विचारलं, जेवली का? त्यानंतर आजपर्यंत प्रश्न नाही. दादा नाही विचारत, त्याला वाटतं विचारलं तर मला वाटेल की तो जा म्हणतो आहे. गाव तर विचारतच नाही, गावाला सगळं माहीत असतं. मी सगळ्यांना विचारते. कर्ज किती, नवरा पितो का, पोरगी शाळेत जाते का, मनात काय येतं. रजिस्टरात रकाने आहेत. माझं नाव त्याच रजिस्टरात चौथं आहे, आणि माझ्या ओळीत मी वैवाहिक स्थिती लिहिते ते निळ्या पेनाने, घाईत, अक्षर लागू नये असं.

मालकीची गोष्ट मला सरांपेक्षा जास्त कळली असं वाटतं. 1988 मध्ये तिच्या कंपनीने कार्यक्रम ताब्यात घेतला, पैसा खरा तिथून. कापूस विकणारा आणि कापड विकणारा यात जो फरक, तोच. दुःख सगळ्यांकडेच निघतं, चांगलं लांब धाग्याचं निघतं, पण ते कुणीतरी गाडी भरून घेऊन जातो. काकूंची यशोगाथा आता छापून येईल, फोटोसकट, वरच्या ऑफिसच्या पुस्तिकेत. काकूंना तिची एक प्रत मिळावी म्हणून मला तीन फोन करावे लागतील. काकूंनी हे ओळखलंच असणार, म्हणून तर "होते तसेच" म्हणाल्या. बाई हुशार आहे. माल दाखवला, दिला नाही.

आणि उलटा भाव मलाच विचारला!

हे लिहिताना हसू आलं मला. आता इतक्या रात्री हसत बसले आहे तर आई उठून बघेल.

ओप्राचंही काही संपलेलं नाही म्हणा. 1988 मध्ये लाल हातगाडीत 67 पौंड चरबी भरून स्टेजवर ओढत आणली, एवढं वजन उतरवलं म्हणून. साधारण तीस किलो, गव्हाचा अर्ध्याहून मोठा कट्टा. पुढे ते वजन परत आलं. मग वजन उतरवणाऱ्या कंपनीतच 2015 मध्ये भागीदार झाली, आणि 2023 मध्ये सांगितलं की औषध घेते. 2011 मध्ये जुना कार्यक्रम बंद केला, पंचवीस हंगाम, साडेचार हजारांवर भाग, स्वतःचं चॅनेल काढलं, तर पहिली एक-दोन वर्षं ते चालेना, माणसं कमी करावी लागली. एवढा पैसा असून बाई दर काही वर्षांनी काही ना काही सांगतेच आहे. एकदा सांगितलं की सुटलो असं नसतं वाटतं. मग मी एका मेळाव्यात नाही सांगितलं तर कुठे बिघडलं.

आता बघा, इथेही मी तिच्यावरच लिहिते आहे. पानं भरली तिच्या वजनावर, तिच्या मोटारींवर. आर्णीवर एक ओळ नाही. स्वतःच्या वहीत, स्वतःच्या घरात, म्हणजे दादाच्या घरात.

बरं, लिहिते. दिवाळीच्या आधीचा शुक्रवार होता. पोरीला ताप होता. मी म्हटलं दवाखान्यात नेऊ, तर ते म्हणाले

नको. आज नको.

काल काकू भेटल्या, चक्कीवर. मला वाटलं त्या विषय काढतील किंवा मी काढीन. त्यांनी विचारलं, तुह्या पोरीले सोल्याची भाजी आवडते काय, तुरी सोंगल्या आमच्या, हिरव्या शेंगा ठेवल्या तिच्यासाठी. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, येऊन घेऊन जा, आन् बस जराशी. "बस जराशी" म्हणजे काय ते दोघींना कळलं. चक्कीचा आवाज एवढा होता की बरं झालं.

फेब्रुवारीत पुन्हा मेळावा आहे. अध्यक्षबाईंना म्हणावं वाटतं, या वेळी मुलाखत काकू घेतील, माझी. त्यांना घामच फुटेल, माईक कुईं करेल ही पहिली चिंता. तिथे काही मी बोलणार नाही, एवढी काही मी शिकागोची नाही. पण शेंगा आणायला रविवारी जाईन. काकू काय विचारणार तेही मला ठाऊक आहे. मनात काय येते वगैरे त्या विचारणार नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न राहील, सोन्याचं काय झालं? त्याचं उत्तर तरी सोपं आहे. तिकडेच राहिलं, काकू. पोत तेवढी अंगावर होती, ती विकून पोरीची फी भरली.