आत्याचा तानपुरा आणि लाखेचं पॉलिश

आत्या पुण्याला मुलाकडे राहायला गेली आणि तिचा मिरजेचा तानपुरा ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागातल्या आमच्या घरी आला. मे महिना. गवसणीसकट, म्हणजे कापडी खोळीसकट, गच्चीलगतच्या खोलीत उभा करून ठेवला. महिन्याभराने गवसणी काढायला गेले तर ती निघेना. इथे पारा ४५ पर्यंत जातो, त्यात ती तापलेली खोली. पॉलिश मऊ पडून कापड भोपळ्याला चिकटलं होतं. हळूहळू सोडवली, तर भोपळ्यावर कापडाची वीण उमटलेली. धागे मोजता यावेत इतकी स्पष्ट.

दांडीवर बोटांच्या मळाचा काळा थर होता. तो काढायला मी सॅनिटायझर घेतलं, ही माझी चूक. कापूस तपकिरी होत गेला. मला वाटलं मळ निघतोय, पण निघत होतं पॉलिश. ते असतं स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं, आणि सॅनिटायझरमध्येही अल्कोहोलच. आत्याचा अंगठा जिथे टेकायचा नेमका तिथेच पांढुरका, खरखरीत डाग पडला. मला रडूच आलं.

फर्निचरला पॉलिश करणाऱ्या एका वयस्क मिस्त्रींना बोलावलं. डागावरून बोट फिरवून म्हणाले, "घबराओ मत बेटी, लाख लाख को पकड लेती है." ताज्या थरातलं स्पिरिट जुनी लाख किंचित विरघळवतं आणि दोन्ही एकजीव होतात, त्यामुळे सगळं खरवडावं लागत नाही. चपडा लाख, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवून गाळली. फार दिवस ठेवलेलं पॉलिश नीट वाळत नाही, म्हणून ताजंच करायचं. मलमलीत कापूस गुंडाळून पोटली केली आणि त्यांनी मलाच हात फिरवायला लावला. पोटली क्षणभर जरी एका जागी थांबली तरी खालचा थर उचलला जातो. माझ्याकडून दोनदा तसं झालं. दिवसाला दोन-तीनच हात, मधे वाळू द्यायचं. पाच दिवस गेले. भोपळ्यावरची वीणही त्याच पोटलीने बुजली. तबलीला, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी पातळ फळीला, मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. तिथे थर जाड झाला की आवाज दबतो.

आता वाजवून झालं की कोरड्या सुती कापडाने पुसते. मळ दिसला तर कापड ओलं करून घट्ट पिळून, आणि लगेच कोरडं. खोबरेल नाही, फर्निचरचा स्प्रेही नाही. सिलिकॉन बसलं की पुढे पॉलिश धरत नाही. उन्हाळ्यात तानपुरा खालच्या थंड खोलीत असतो, गवसणीच्या आत आजोबांचं जुनं, मऊ धोतर गुंडाळून.

डागाची जागा अजून जराशी फिकी दिसते. आत्याला फोनवर सगळं सांगितलं. तिला काळजी तारांच्या त्या गुंजणाऱ्या नादाची, जवारीची. तिने एवढंच विचारलं, "जवारी बोलतेय ना गं?" मी फोन घोडीजवळ, तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीजवळ, ठेवला आणि तारा छेडल्या.