दांडा कापला आणि वजन वाढले

गोल्फचे क्लब जुळवण्या-दुरुस्तीच्या कामात दांडा आखूड करणे ही नेहमीचीच गोष्ट आहे, आणि ती नेहमीची असल्यामुळेच त्या दिवशी माझी चूक झाली. काही काळापूर्वी माझ्याकडूनच ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा सर्वांत लांब क्लब, जुळवून घेतलेले एक ज्येष्ठ खेळाडू तोच क्लब घेऊन आले. चेंडू क्लबच्या डोक्याच्या मध्यावर बसावा म्हणून त्यांनी तो मध्यंतरी दुसऱ्या एका कारागिराकडून 45.5 इंचांवरून 44.5 इंचांवर आणून घेतला होता. चेंडू आता मध्यावर बसत होता, पण "क्लबला डोकं आहे की नाही तेच कळत नाही, नुसती काठी फिरवल्यासारखं वाटतं," अशी त्यांची तक्रार होती.

ही तक्रार आमच्या ओळखीची आहे. क्लब एकूण किती जड आहे हे स्विंगवेट सांगत नाही. त्याचा भार डोक्याकडे किती झुकला आहे एवढेच ते सांगते. 1920च्या दशकात रॉबर्ट ॲडम्स यांनी तयार केलेल्या काट्याचे तत्त्व आजही चालू आहे. क्लब मुठीच्या टोकापासून 14 इंचांवर असलेल्या टेकूवर तोलायचा आणि डोक्याकडच्या झुकावाचे माप अक्षर व अंक अशा जोडीने वाचायचे: सी 9 नंतर डी 0, आणि प्रत्येक पायरी म्हणजे एक अंश. दांडा मुठीच्या बाजूने कापला की डोके टेकूच्या जवळ येते आणि माप उतरते. अर्ध्या इंचाला तीन अंश हा आमचा ठोकताळा. हलक्या ग्राफाइट दांड्याच्या ड्रायव्हरमध्ये मात्र पूर्ण इंचाला पाचाच्या आसपासच उतार पडतो.

माझ्या वहीत या क्लबची जुनी नोंद डी 2 अशी होती आणि काट्याने आता सी 4 दाखवले, म्हणजे उतार थेट आठ अंशांचा. खरे तर तिथेच हात थांबायला हवा होता. पण "पहिल्यासारखा करून द्या" या शब्दांचा अर्थ मी "पहिल्या आकड्यावर आणून द्या" असा घेतला. ड्रायव्हरच्या डोक्यावर साधारण पावणेदोन ग्रॅम चढवले की एक अंश वाढतो, त्या हिशेबाने 14 ग्रॅम लागत होते. डोक्याचा तळ स्पिरिटने पुसला, शिशाची चिकटपट्टी कापून एकावर एक चार थर दिले आणि कडा उचलू नयेत म्हणून लाकडी दांडीने घासून बसवल्या. पट्ट्या टाचेकडे किंवा टोकाकडे सरकल्या तर चेंडूची दिशाही बदलू शकते, म्हणून त्या नेमक्या मध्यावर घेतल्या. काटा डी 2 वर स्थिरावला आणि मी, आता सांगायला संकोच वाटतो, समाधानाने क्लब त्यांच्या हाती दिला.

जाळीत सहा-सात चेंडू मारून ते थांबले. "मघाशी डोकं हाताला लागत नव्हतं, आता डोक्याशिवाय दुसरं काही लागत नाही," ते म्हणाले. क्लब खाली येताना मागे राहत होता आणि चेंडू एकामागून एक उजवीकडे जात होते. काटा बरोबर सांगत होता आणि त्यांचे हातही बरोबर सांगत होते, त्यामुळे मी गोंधळलो.

मग जे आधी करायला हवे होते ते केले: पट्ट्या काढल्या आणि अख्खा क्लब साध्या वजनकाट्यावर ठेवला. वहीत 318 ग्रॅम होते, समोर 332 दिसत होते. एक इंच दांडा कापून गेल्यावर क्लब दीड-एक ग्रॅमने हलका व्हायचा, तो 14 ग्रॅमने जड झाला होता. विचारल्यावर त्यांनी सहज सांगितले, "बोटं दुखतात म्हणून त्या वेळीच जाड ग्रिप बसवून घेतली." जुनी ग्रिप 50 ग्रॅमची होती, ही 65 भरत होती. पंधरा ग्रॅम टेकूच्या मुठीकडच्या बाजूला पडले की काट्यावर तीन अंश उतरतात, आणि आठमधले जास्तीचे तीन ते हेच होते. काट्याच्या दृष्टीने हे डोके हलके होणेच आहे. पण ग्रिपचा भार मुठीतच असतो, झोक्याबरोबर तो फारसा दूर फिरत नाही, त्यामुळे डोके फिरवायला लागणारे बळ त्याने जवळजवळ बदलत नाही. मी मात्र त्या तीन अंशांची भरपाई फिरत्या टोकाला, डोक्यावर केली होती.

जाड ग्रिप काढण्याचा प्रश्नच नव्हता, बोटांसाठी ती हवीच होती. म्हणून फक्त कापलेल्या इंचाची भरपाई करायची ठरवली: पाच अंश, म्हणजे साडेआठ ग्रॅमच्या आसपास. डोक्याच्या तळाशी बदलता येण्याजोगा वजनाचा स्क्रू होता. सहा ग्रॅमचा काढून 14 ग्रॅमचा बसवला आणि पट्ट्यांची गरजच उरली नाही. काटा सी 9 च्या जवळ थांबला. हा आकडा पाहून एरवी मी आणखी काहीतरी चिकटवले असते. या वेळी काट्याकडे पाठ करून क्लब तसाच त्यांच्या हाती दिला.

तिसऱ्या चेंडूनंतर ते काही बोलले नाहीत, फक्त खिशातून हातमोजा काढून चढवला आणि पुढचा चेंडू लावला. वहीत मी डी 2 शेजारी सी 9 लिहिले, आणि त्याच पानावर ग्रिपच्या वजनासाठी एक नवा रकाना आखला.