नाकाचं माप

दीड वाजला. झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं मशीन उशाशी आहे, महिनाभरासाठी भाड्याने आणलेलं. अजून लावलं नाही.

दुकानातलं डोक्यातून जात नाहीये. तो मुलगा सरळ ह्यांच्याकडे वळला, नाकाचं माप घ्यायची पट्टी ह्यांच्या चेहऱ्यासमोर धरली आणि विचारलं, "सर, झोपेत तोंड उघडं राहतं का?" हे गप्प. मीही गप्प. फाइल माझ्या हातात, वर नाव माझं. शेवटी हेच हळूच म्हणाले, "हिच्यासाठी हवंय." मुलगा ओशाळला. त्याची चूक नाही. पण मी का बोलले नाही?

झोपेत तासाला 34 वेळा माझा श्वास थांबतो किंवा मंदावतो. 30च्या वर म्हणजे तीव्र. रक्तातला ऑक्सिजन 78 टक्क्यांपर्यंत उतरला होता. हे सगळे आकडे ताईला फोनवर न अडखळता सांगितले. 'घोरते' एवढा एकच शब्द तोंडातून निघाला नाही. बाबा घोरायचे तेव्हा "दमून आलेत, आवाज करू नका" म्हणून घरातले आम्हांला गप्प करायचे. नाशिकच्या लग्नात आम्ही बायका एका खोलीत गाद्या टाकून झोपलो, तेव्हा मी पहाटेपर्यंत भिंतीला टेकून जागी बसले होते. आई एकदा म्हणाली होती, बाईच्या जातीला... जाऊ दे.

डॉक्टर म्हणाले, पाळी गेल्यावर बायकांमध्ये हे वाढतं. पण बायका घोरण्याची तक्रार घेऊन येतच नाहीत. थकवा सांगतात, सकाळची डोकेदुखी सांगतात. मीही तीन वर्षं हिमोग्लोबिन आणि थायरॉइडच तपासत राहिले.

मशीन ठरायला पाच मिनिटं लागली. सीपॅप म्हणजे सतत दाबाने हवा देणारं हेच मशीन; साध्यात रात्रभर एकच दाब. ऑटोमध्ये घसा मिटायला लागला की दाब वाढतो, मोकळा झाला की उतरतो. माझा त्रास उताणं झोपल्यावर जास्त, कुशीवर कमी, म्हणून डॉक्टरांनी ऑटोच लिहून दिलं होतं. वेळ गेला तो मास्कमध्ये. नाक-तोंड झाकणारा लावला तर चष्मा बसेना, आणि कडेने हवा सुटून डोळ्यांत जायला लागली. नाकपुड्यांना टेकणारा छोटा छान वाटला, पण त्याने नाकपुड्यांच्या कडा दुखायला लागल्या. शेवटी नुसता नाकावरचा, मधल्या मापाचा. तोंड उघडं राहिलं तर हवा तिथून निघून जाईल, मग पट्टा घ्यावा लागेल हनुवटीचा. बसून नीट बसलेला मास्क आडवं झाल्यावर गळतो, म्हणून तिथल्या कॉटवर झोपून बघायचं होतं. काचेतून रस्ता दिसत होता. मी उभीच. ह्यांनी उठून पडदा ओढला.

त्या पडद्यावरून आत्ता लक्षात आलं. लेकीच्या मैत्रिणी राहायला यायच्या तेव्हा आमच्या खोलीचं दार हे स्वतः उठून लावायचे. सकाळी चहाला त्यांना विचारायचे, "माझ्या घोरण्याने झोपमोड नाही ना झाली?" गावाला, पाहुण्यांत, प्रत्येक ठिकाणी हेच. इतकी वर्षं मी ते ऐकत आले आणि समोर बिस्किटं ठेवत आले. आज दुकानात हे गप्प राहिले ते म्हणूनच. सवयीने. मी मान हलवली असती तर ह्यांनी स्वतःच्या नाकाचं मापही देऊन टाकलं असतं.

पण मास्क माझ्या नाकावर बसायला हवा. ते दुसऱ्या कुणाकडून होण्यातलं नाही.

1981 साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ही हवेच्या दाबाची युक्ती मांडली. त्याआधी इतका त्रास असला तर गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करून देत, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि मी एका पट्टीवरून रात्र घालवतेय. बरं. डिस्टिल्ड वॉटर रेघेपर्यंत भरलंय. दाब 4 पासून सुरू होऊन 20 मिनिटांत चढेल, असं लावून दिलंय. उद्या ताईला परत फोन करीन, नीट शब्दांत सांगीन.

हे शेजारी झोपलेत. श्वासाचा आवाजसुद्धा येत नाही.