डिग्री वाढवण्याआधी हात बघा

रोबोट बरोबर निघतो, बरोबर वळतो, मॉडेलपाशी पोचतो आणि त्याचा हात दांडीच्या अर्धा सेंटिमीटर शेजारून निघून जातो. लगेच कुणीतरी पोरगं लॅपटॉपकडं वळतं, "दादा, पाच डिग्री वाढवू का?" लातुरात आम्ही रविवारी पोरांना घेऊन फर्स्ट लेगो लीगची तयारी करतो, तिथं हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की त्यावर सविस्तर लिहावंच वाटलं. पाच डिग्री वाढवल्या की त्या वेळेपुरतं काम होतंय, हे खरंय. पण पुढच्या वेळी चाकाला धूळ असती, नाहीतर रोबोट ठेवताना मिलिमीटरभर तिरका बसतो, आणि परत हुकतं, मग परत डिग्री, आणि अख्खी दुपार आकडे बदलण्यात जाती. माझं म्हणणं असंय की रोबोट थोडा चुकणारच, हे धरूनच अटॅचमेंट, म्हणजे रोबोटला लावायचा हात, बनवायची.

ज्यांना ही स्पर्धा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्याकडं ९ ते १६ वर्षांची पोरं यात असतात. साधारण आठ बाय चार फुटांच्या टेबलावर मॅट अंथरलेली असती, त्यावर लेगोची मॉडेलं, आणि रोबोटला १५० सेकंदांत जमतील तेवढी मिशन करायची. रिमोट नाही, पोरांनी लिहिलेल्या प्रोग्रामवरच तो चालतो. एक रन झाला की रोबोट घरात, म्हणजे टेबलावरच्या निघायच्या जागेत, येतो, पोरं पुढची अटॅचमेंट चढवतात आणि परत सोडतात. मोटर जास्तीत जास्त चार. त्यातल्या दोन चाकांना गेल्या, म्हणजे उचलणं, ढकलणं, ओढणं, फिरवणं हे सगळं उरलेल्या दोन मोटरवर. आपल्याकडच्या पोरांना हे समजावणं लई सोपं जातं, कारण ट्रॅक्टर सगळ्यांनी बघितलेला असतो, तोच ट्रॅक्टर सकाळी रोटाव्हेटर ओढतो, दुपारी पेरणी यंत्र आणि संध्याकाळी ट्रॉली, मागचं अवजार बदललं की काम बदललं.

आता चुकीचा हिशोब बघा. स्पाइक प्राइम या लेगोच्या रोबोट किटचं छोटं चाक ५६ मिलिमीटरचं, म्हणजे एका फेऱ्यात साडेसतरा सेंटिमीटरच्या आसपास जातं. निघताना दिशा फक्त एक डिग्री चुकली तर एक मीटर पुढं गेल्यावर रोबोट जवळपास १७ मिलिमीटर बाजूला असतो. लेगोच्या बीमची, म्हणजे भोकं असलेल्या पट्टीची, रुंदी ८ मिलिमीटर. मग एका बीमचा टोकदार हूक घेऊन मीटरभर लांबच्या कडीत अडकवायला निघालो तर तो कधी लागणार, कधी नाही. त्याच्या जागी पुढं रुंद तोंड असलेला व्ही आकार लावला की कडी डावीकडून येऊ दे नाहीतर उजवीकडून, रोबोट पुढं सरकेल तशी ती घसरत मधे येती. यात प्रोग्रामची एक ओळपण बदलावी लागत नाही.

याचं मला आवडलेलं उदाहरण २०२४-२५ च्या सबमर्ज्ड सीझनमधलं आहे. व्हेलला क्रिल (झिंग्यासारखे बारीक जीव) खाऊ घालायचं मिशन होतं, पाच क्रिल मॅटवर विखुरलेले, तोंडात गेलेल्या प्रत्येकाला १० गुण. पोरांचा पहिला विचार होता मोटरनं मिटणारा पंजा. प्रत्येक क्रिलपाशी थांबायचं, पंजा मिटायचा, उचलायचं, पुढं जायचं. सातवीतली एक मुलगी बराच वेळ काही न बोलता ते बघत होती, मग म्हणाली, "दादा, उचलायलोत कशाला, दार लावू ना." तिनं बिनतळाची एक चौकट केली आणि समोर वरून लोंबणारी बीमची फळी लावली, जी फक्त आतल्या बाजूला उघडती. रोबोट क्रिलवरून गेला की फळी उचलली जाती, क्रिल आत, फळी परत खाली पडती, आणि रोबोट मागं आला तरी क्रिल बाहेर येत नाही. मोटर शून्य. तिथं जी मोटर वाचली ती दुसऱ्या कामाला आली. मोटर न लावता आकारानं, वजनानं, रबर बँडनं होणारं काम आधी शोधायचं, हे आमच्या सगळ्या पोरांच्या डोक्यात तिथून बसलं. (रबर बँड चालतो, पण लेगोचाच पाहिजे. पार्ट सगळे लेगोचेच, हा नियम आहे.)

जिथं मोटर लागतीच तिथं गिअरकडं नीट लक्ष द्या. मोटरला १२ दात्यांचा आणि हाताला ३६ दात्यांचा गिअर लावला की वेग तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि जोर जवळपास तिप्पट होतो. जड वस्तू उचलून धरायची असेल तर वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारखा आटे असलेला गिअर. त्याच्यासमोर २४ दात्यांचा गिअर असला तर वर्मचे २४ फेरे झाल्यावर त्याचा एक होतो, हात हळू चालतो, पण मोटर बंद केली तरी वजनानं खाली येत नाही, कारण गिअर वर्मला उलटा फिरवू शकत नाही. फक्त यात जोर एवढा होतो की हात कुठं अडकला तर अॅक्सल पिळून निघतो. त्यासाठी तो पांढरा क्लच गिअर जपून ठेवा, ठराविक जोराच्या वर गेलं की तो आतल्या आत घसरतो आणि पार्ट वाचतात. आणि जितके गिअर जास्त तितकी ढिलाई जास्त. चार गिअर ओळीनं लावले की मोटर फिरायला लागली तरी हात क्षणभर हलतच नाही, आणि पोरं म्हणतात, "कोड चुकायलाय." कोड बरोबर असतो, दात्यांमधल्या फटी भरेपर्यंत ती मोटर फिरत असती.

अटॅचमेंट बदलायला लागणारा वेळ हा तर माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. सहा रन धरा, म्हणजे पाच वेळा बदल. एका बदलाला १२ सेकंद लागले तर १५० पैकी ६० सेकंद तिथंच गेले, तेच ४ सेकंदांत झालं तर फक्त २० जातात आणि ४० सेकंद हातात येतात, म्हणजे आरामात अजून एक रन. म्हणून पिना ठोकून बसवायची अटॅचमेंट नको. काळी पिन आणि तीन घरांची निळी पिन दोन्ही घट्ट बसतात, घाईत निघत नाहीत, आणि पोरांची बोटं घामेजलेली असतात. आम्ही रोबोटच्या वरच्या बाजूला दोन गिअर आडवे ठेवलेत, अटॅचमेंट वरून खाली ठेवायची, चार कोपऱ्यांतल्या खोबणीत ती स्वतःच्या वजनानं बसती आणि गिअरला गिअर भिडतो. काढायचं असलं की उचलायचं, बस. बदलायची प्रॅक्टिसपण वेगळी घ्यायची, रोबोट न चालवता, नुसतं ठेव-उचल, ठेव-उचल. पोरांना सुरुवातीला कंटाळा येतो पण टेबलावर उभं राहिल्यावर फरक दिसतो.

आता प्रोग्राम. हात चांगला झाला की प्रोग्राम आपोआप लहान होतो. तरी तीन सवयी आम्ही सगळ्यांना लावतो. पहिली, हाताला दोन्ही टोकांना अडथळा द्या आणि रनच्या सुरुवातीला मोटर त्या अडथळ्याला टेकेपर्यंत फिरवून तिथं शून्य धरा, मग हात कुठल्या कोनात ठेवला होता याची काळजी राहत नाही. पायब्रिक्समध्ये (लेगोचा रोबोट पायथनमध्ये प्रोग्राम करायचं सॉफ्टवेअर) यासाठी रन अंटिल स्टॉल्ड ही कमांडच आहे, स्पाइकच्या ब्लॉक प्रोग्राममध्येही मोटर अडली की थांबायची सोय आहे. दुसरी, सरळ जायला हबमधला, म्हणजे रोबोटच्या मेंदूतला, जायरो (किती वळला ते मोजणारा सेन्सर) वापरा, निघताना कोन शून्य करा, पुढं जितके अंश फरक पडेल त्याला एखाद्या आकड्यानं गुणून तेवढा दोन चाकांच्या वेगात फरक करा. ३ अंश चुकला, २ नं गुणलं, ६ चा फरक. सातवी-आठवीच्या पोरांना गुणोत्तर असं शिकवलं की पुस्तकातलंही कळतं. तिसरी, लांबच्या मिशनला जाण्याआधी टेबलाच्या भिंतीला पाठ टेकवून रोबोट सरळ करून घ्या, म्हणजे साचलेली चूक तिथंच पुसली जाती.

हे सगळं सोडून नुसते गुण बघून मिशन निवडलं तर अंगलट येतं. घराबाहेर अडकलेला रोबोट हातानं उचलून आणावा लागला की प्रिसिजन टोकन जातं. सुरुवातीला सहा टोकन म्हणजे ५० गुण हातात असतात, एक गेलं तरी ५० राहतात, दुसरं गेलं की ३५, तिसरं गेलं की २५. तीस गुणांच्या मिशनसाठी जाऊन तीनदा अडकणारी अटॅचमेंट घरी ठेवलेलीच बरी. आमचा नियम साधा आहे, सलग दहा वेळा जमेपर्यंत ती अटॅचमेंट मॅचच्या यादीत जात नाही, मग ती कुणी का बनवलेली असेना.

आपल्याकडच्या काही गोष्टी पण सांगतो. टेबलासाठी बाहेरून काही मागवायची गरज नाही, प्लायवूडची अख्खी शीट आठ बाय चारचीच येती, त्यावर मॅट बसती आणि कडेच्या पट्ट्या सुतार ठोकून देतो. एप्रिल-मेमध्ये धूळ भयंकर, म्हणून दर थोड्या वेळानं टायर ओल्या कपड्यानं पुसायचे आणि वाळल्यावरच चालवायचे. खिडकीतून ऊन मॅटवर येत असलं तर कलर सेन्सरचे आकडे सकाळचे वेगळे आणि दुपारचे वेगळे येतात, पडदा लावा नाहीतर सेन्सर मॅटच्या जवळ घ्या आणि बाजूनं झाकून टाका. लाइटचा भरवसा नाही, तर हब आदल्या रात्रीच चार्ज करून ठेवा.

आणि एक गोष्ट मनापासून. अटॅचमेंट पोरांनाच बनवू द्या. पालक, शिक्षक, आम्ही मेंटॉर लोक, सगळ्यांचे हात शिवशिवतात, मलाही कळतं. पण निकालात रोबोट गेम हा चारातला एक भाग आहे, रोबोट डिझाइन, इनोव्हेशन प्रोजेक्ट आणि कोअर व्हॅल्यूज हे बाकीचे तीन, चौघांना सारखंच वजन. जज पोरांना विचारतात हा गिअर इथं का, आधी काय होतं, का बदललं. ज्यानं स्वतः तीन आकार मोडून चौथा केलाय ते पोरगं दहा मिनिटं बोलायचं थांबत नाही. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत शाळांना असल्या प्रयोगांच्या लॅबसाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळालंय, सहावी ते बारावीच्या पोरांसाठीच ते असतं, तरी काही ठिकाणी किट कपाटात कुलपात असतात, पार्ट हरवतील म्हणून. हरवू द्या हो. चार पिना हरवल्या तर परत आणता येतात.

सध्या २०२५-२६ च्या अनअर्थ्ड सीझनवर काम चालू आहे, विषय पुरातत्त्व. आम्ही पोरांना तेरला नेऊन आणलं, सातवाहन काळातलं तगर, रोमशी व्यापार चालायचा ते गाव, तिथलं लामतुरे संग्रहालय बघून पोरं एवढ्या बारीक वस्तू मातीतून अख्ख्या कशा काढल्या असतील यावरच परतीच्या रस्त्यात बोलत होती. आणि मिशनही तसंच एक आहे, खाणीतून वस्तू काढायची पण आधार पडू द्यायचे नाहीत. साधा फिरणारा हात वर जाताना गोल जातो आणि शेजारच्या आधाराला घासतो. म्हणून पोरं आता समांतर दांड्यांची जोडणी करायलीत, म्हणजे वस्तू उचलणारा काटा वर जाताना आडवाच राहील, आणि लांब दांड्यांमुळं तो गोल जाणंही कमी होईल. खालून काटा घालायचा, हळू वर उचलायचं, आणि मगच रोबोट मागं घ्यायचा. अजून सलग दहा वेळा झालेलं नाही, सहा-सातच्या पुढं काटा एका बाजूला झुकतो, दुसऱ्या बाजूनंही जोडणी लावावी की दांड्या आखूड कराव्यात यावर दोन गट पडलेत. नांदेड, परभणी, संभाजीनगरकडं कुणी हे वेगळ्या पद्धतीनं केलं असेल तर जरूर कळवा, पोरं वाट बघायलीत.